कुरकुरीत नाही, म्हणून नापास?

कोंबडी-वड्यांचा बेत डोळ्यांसमोर आणा. परातीत टम्म फुगलेले वडे, वाडग्यात भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा तांबूस रस्सा, शेजारी गुलाबी सोलकढी. पाहुणा पानावर बसतो, रश्शातला तुकडा तोंडात टाकतो आणि म्हणतो, "चव झकास आहे हो, पण कोंबडी कुरकुरीत नाही. ही खायची कशी?" माझी वेंगुर्ल्याची आजी अशा पाहुण्याला काय म्हणाली असती, ते आपल्या संपादक मंडळाला या स्मरणिकेत छापता येणार नाही!

पण थेट बीबीसीवर, २०१८ च्या वसंतात, नेमके असेच घडले. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 'मास्टरशेफ'ची उपांत्यपूर्व फेरी होती. मूळच्या मलेशियाच्या आणि ब्रिस्टलला स्थायिक झालेल्या झालेहा कादिर ओल्पिन या स्पर्धक बाईंनी नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात आणि त्याबरोबर कोंबडीचे रेंदांग असा आपल्या माहेरचा बेत केला होता. परीक्षक ग्रेग वॉलेस यांना मसाल्यातला नारळाचा गोडवा आवडला. पण कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही, त्यामुळे ती खाता येत नाही, आणि मसाला तर सगळा त्या कातडीवरच, अशी त्यांनी तक्रार केली. दुसरे परीक्षक जॉन टोरोड म्हणाले की कोंबडी आणखी शिजून मऊ व्हायला हवी होती. बाई स्पर्धेतून बाद झाल्या.

झाले! क्वालालंपूरपासून जकार्तापर्यंत गहजब उडाला. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी ट्विटरवर विचारले, की रेंदांग कुरकुरीत करून खाते तरी कोण? त्यांचे कट्टर विरोधक महाथीर मोहम्मद यांनी टोला हाणला, की परीक्षकांचा केएफसीशी घोटाळा झालेला दिसतो. तेव्हा देशात निवडणुकीची धामधूम होती. ९ मे २०१८ च्या त्या निवडणुकीत महाथीरांनी नजीबांची सत्ता घालवली. एरवी कशावरही एकमत नसलेल्या या दोघांचे रेंदांगवर मात्र एकमत झाले. इकडे टोरोडसाहेबांनी आगीत तेल ओतले. रेंदांग कदाचित इंडोनेशियाचेच असेल, तुम्ही सगळे किती चिडलात, मजा आहे, अशा अर्थाचे काहीतरी लिहून त्यांनी शेवटी 'नमस्ते' म्हटले. मलय लोकांना नमस्ते! म्हणजे गफलत नुसती कातडीची नव्हती, नकाशाचीही होती.

आम्ही मंडळाच्या गुढीपाडव्यानंतरच्या बैठकीत यावर पोट धरधरून हसलो. मीही हसले. आणि पुढच्याच वर्षी मी स्वतः तेच केले. हा लेख लिहायला बसले आहे ती त्याचीच कबुली द्यायला.

माझा निकाल

आमच्याकडे श्रावणात पाककला स्पर्धा असते. २०१९ चा विषय होता 'नारळी पौर्णिमा विशेष : नारळाचे पदार्थ'. कोकणातली म्हणून मला परीक्षक केले. नारळीभात, पातोळ्या, नारळाच्या वड्या, खापरोळ्या असा सगळा ओळखीचा थाट मांडला होता. शेवटच्या टेबलावर एका मराठी घरातली मलेशियन सून उभी होती. तिच्यासमोर काचेच्या वाडग्यात तपकिरी, कोरडा, भुसभुशीत पदार्थ होता आणि शेजारी भाताची मूद. तिने नाव सांगितले, सेरुंदेंग. मी चमचाभर नुसताच तोंडात टाकला. खोबऱ्याची चटणी तर दिसते, मनात म्हटले, पण लसूण दबलेली, तिखट नाहीच, वर गोड, आणि मध्येच गवती चहाचा वास. 'चटणी म्हणून फिकी, तिखट हवी' असा शेरा मारून मी दहापैकी चार गुण दिले.

ती काही बोलली नाही. जाताना मात्र मला म्हणाली, "काकू, ते भातावर घालून खायचं असतं. आणि ती चटणी नाहीये."

तेवढ्या दोन वाक्यांनी माझी झोप उडवली. मी खाल्लेला पदार्थ एक आणि तपासलेला भलताच. माझ्या हातात वेंगुर्ल्याची फूटपट्टी होती, वॉलेससाहेबांच्या हातात लंडनची. एवढाच काय तो फरक. उलट माझा गुन्हा मोठा, कारण त्यांना नारळ परका होता. मी तर नारळाच्या वाडीत वाढलेली!

त्यानंतर मी तिच्याच स्वयंपाकघरात हे पदार्थ शिकले. आधी एक पुस्तकही मिळवले होते. पश्चिम सुमात्रातल्या पदांग पांजांगला जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये राहून लिहिणाऱ्या स्री ओवेन यांनी १९७६ मध्ये इंडोनेशियन घरगुती स्वयंपाकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेव्हा इथल्या वाचकाला हा सगळा प्रांतच नवा होता. पण पुस्तक वाचून जे कळले नाही ते तिच्या कढईशी उभे राहून कळले.

रेंदांग म्हणजे काय?

रेंदांग हे पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचे. आपण 'रस्सा', 'सुके' अशी नावे पदार्थाच्या अंगावरून देतो, तसेच त्यांचे आहे. छोटे कांदे, लसूण, आले, मिरच्या, हळद, कोळिंजन यांचे वाटण, गवती चहाचे दांडे, हळदीची पाने आणि भरपूर नारळाचे दूध यांत मांस घालून भांडे चुलीवर ठेवतात. पातळ आहे तोवर ते गुलाई. दूध आटून दाट झाले आणि कडेने तेल दिसू लागले की कालिओ. आणखी आटवत नेले की पाणी पूर्ण उडते, नारळाचे तेल मोकळे होते आणि मांस त्या तेलात हळूहळू परतले जाऊन काळपट तपकिरी होते. तेव्हा त्याला रेंदांग म्हणायचे. किलोभर मांसाला दीड-दोन लिटर नारळाचे दूध आणि चार-चार तास. शेवटच्या तासात कढईपासून हलायचे नाही, नाहीतर तळ लागतो.

म्हणजे आपण नेमके उलटे करतो. आपण आधी तेलावर कांदा-मसाला परततो, मग रस घालतो. ते आधी उकळतात आणि शेवटी परततात, तेही बाहेरून तेल न घालता.

हे एकदा समजले की कुरकुरीत कातडीचा प्रश्न आपोआप गळून पडतो. भांड्यात पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते, आणि त्या तापमानाला कातडी मऊच होणार. कुरकुरीत व्हायला कोरडी, कडक आच लागते. नारळाच्या दुधात शिजणाऱ्या पदार्थाकडे कुरकुरीतपणा मागणे म्हणजे मोदकाला 'तू शंकरपाळ्यासारखा का वाजत नाहीस' असे विचारणे. आपण रश्श्याची कोंबडी कातडी काढूनच आणतो, म्हणून आपल्या घरात हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही.

मलेशियात रेंदांगचे रूप थोडे बदलते. तिथे शेवटी 'केरिसिक' घालतात. ओला नारळ खवून मंद आचेवर कोरडाच बदामी होईपर्यंत भाजायचा आणि गरम असतानाच खलबत्त्यात इतका कुटायचा की त्याला तेल सुटून तो लगद्यासारखा व्हावा. पाण्याचा थेंब नाही. मी पहिल्यांदा वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले. आमच्या माजघरात भाजक्या खोबऱ्याचा हाच वास भरलेला असायचा. आपण मात्र त्यात कांदा, धने, मिरची घालून पाण्याबरोबर वाटतो आणि ते वाटण रश्श्याचा पाया होते. त्यांचे केरिसिक शेवटी येते आणि रस बांधून ठेवते. गोव्याची शाकुती ही या दोन घरांमधली मावसबहीण म्हणायला हरकत नाही.

आणि माझे ते सेरुंदेंग! तो ओला खवलेला नारळच असतो. कांदा, लसूण, धने, जिरे, चिंच, गूळ, गवती चहा, लिंबाची पाने यांच्याबरोबर पाऊण-एक तास मंद आचेवर हलवत हलवत तो कोरडा, मोकळा होईतो परततात. इंडोनेशियात त्यात शेंगदाणेही घालतात. भातावर, चिकट तांदळाच्या मुटक्यांवर ते भुरभुरायचे. साध्या भाताला चव, वास आणि थोडा चुरचुरीतपणा देणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणूनच ते तिखट नसते. तिखटासाठी पानात सांबाल वेगळे असते. मी पानातल्या एका वस्तूला उचलून, उरलेले पान बाजूला सारून, तिला नापास केले होते. उद्या कोणी मेतकूट नुसते चमच्याने खाऊन 'कोरडे आहे' म्हटले तर?

ओळखीची घरे

हे शिकताना पावलोपावली ओळखीचे काहीतरी भेटत गेले. पदांगच्या रेंदांगमधली हळदीची पाने म्हणजे आपली पातोळ्यांची पाने. आंबटासाठी ते वापरतात ती 'असाम केपिंग' नावाची सुकी काप आपल्या कोकमाच्याच कुळातली. कोळिंजन आपण खोकल्याला चघळतो, ते त्याची भाजी-आमटी चवदार करतात. चहात घालायच्या गवती चहाची पाने आपण वापरतो, ते त्याचा खालचा पांढरा दांडा ठेचतात. आपल्याकडे सुकट, तर त्यांच्याकडे सुक्या कोळंबीचा कुटून केलेला 'बलाचान'. भाजायला घेतला की शेजारी खिडक्या लावून घेतात, त्यातही साम्य!

शब्द ऐका. मलय भाषेत चवीला 'रासा' म्हणतात, साखरेला 'गुला' आणि माडाच्या गोड रसाला 'निरा'. आपला रस, आपला गूळ, आपली नीरा. धन्यांना 'कतुंबार' म्हणतात, ते आपल्या कोथिंबिरीच्याच कुळातले. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून तिकडे गेले आणि तिथे घर करून राहिले. मिरची मात्र दोघांकडेही पाहुणी. आफोन्सु द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. अमेरिकेतून निघालेली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून पूर्वेकडे आली, आणि आज दोन्ही घरांना वाटते की ती आपलीच आहे.

सर्वांत गंमत वाटली ती एका वाक्प्रचाराची. सांबालचा मसाला परतताना ती म्हणाली, "पचाह मिन्याक होईपर्यंत थांबायचं." मी अर्थ विचारला. पचाह म्हणजे फुटणे, मिन्याक म्हणजे तेल. मी म्हटले, "म्हणजे तेल सुटेपर्यंत!" दोघी हसलो. आमची दोघींची सामाईक भाषा इंग्रजी, आणि इंग्रजीत ही गोष्ट सांगायला मात्र आम्हाला चांगली दोन वाक्ये लागली असती.

परीक्षणाचे परीक्षण

आता पुन्हा त्या कार्यक्रमाकडे येते. वॉलेस यांनी नंतर टीव्हीवर खुलासा केला, की तळलेली कोंबडी हवी असे आपल्याला म्हणायचे नव्हते, ती नीट शिजली नव्हती, पांढरी आणि लिबलिबीत होती, एवढेच म्हणायचे होते. न्यायाने पाहिले तर हा आक्षेप योग्य ठरू शकतो. कच्चे रेंदांग हा दोषच आहे. टोरोड यांचे म्हणणेही मूळ पदार्थाला धरून होते, रेंदांगचे मांस मऊ पडायलाच हवे. पण मग तसेच म्हणायला हवे होते. 'शिजले नाही' हा दोष पदार्थाच्या स्वतःच्या नियमांतून निघतो. 'कुरकुरीत नाही' हा दोष परीक्षकाच्या सवयीतून निघतो. परीक्षकाला हे दोन वेगळे ठेवता आले नाहीत, इथे त्याची चूक झाली. बाईंच्या हातून काही चुकले असेलही, पण निकाल ऐकून ते काय, हे त्यांना कळले नसणार.

चिडणाऱ्यांचेही सगळे बरोबर होते असे मला वाटत नाही. 'रेंदांग हे मऊ आणि ओलसरच असते' असे अनेकांनी ठासून सांगितले. पदांगकडचे पूर्ण आटवलेले रेंदांग मात्र कोरडे, तेलात परतून बाहेरून घट्ट झालेले असते. एकाच नावाखाली किती घरे आहेत हे चिडलेल्यांनीही विसरू नये. पेराकचे रेंदांग तोक वेगळे, नगेरी सेंबिलानचे वेगळे. आपल्याकडे 'मटणाचा रस्सा' म्हटल्यावर कोल्हापूर, नागपूर आणि मालवण यांनी एकाच ताटाची अपेक्षा केली तर काय होईल?

दुसरा वाद झाला तो मालकीचा. क्वालालंपूरमधल्या ब्रिटिश उच्चायुक्तांनीही रेंदांगला मलेशियाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून बाजू घेतली, आणि इंडोनेशियाच्या पदार्थाशी त्याची गल्लत करू नका असे बजावले. हेतू चांगला होता. पण इतिहासाची थट्टा बघा. सुमात्रा आणि मलाया यांच्यामधली सामुद्रधुनी ही पूर्वी माणसांची ये-जा करण्याची वाट होती. मिनांगकाबाऊ कुटुंबे कित्येक शतकांपूर्वी ती ओलांडून नगेरी सेंबिलानला वसली. त्या वाटेची सरहद्द झाली ती १८२४ च्या इंग्रज-डच तहाने. अलीकडचे इंग्रजांचे, पलीकडचे डचांचे. तो तह झाला कुठे? आपल्या याच लंडनमध्ये! घर वाटणाऱ्यांच्याच वारसांनी जवळजवळ दोनशे वर्षांनंतर कढई कोणाची याचा निवाडा करावा, यापेक्षा आणखी काय हवे?

२०११ मध्ये सीएनएनच्या वाचकांनी जगातल्या पन्नास चविष्ट पदार्थांत रेंदांगला पहिला क्रमांक दिला होता. २०२४ च्या डिसेंबरात मलेशियाची नासी लेमाकसह सकाळच्या न्याहारीची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मानमरातब मिळाले म्हणून जाण वाढतेच असे नाही. इथल्या दुकानांत रेंदांगच्या नावाने मिळणाऱ्या बाटल्या मी दोन-तीन आणून पाहिल्या. सगळ्यांत दाट, गोड, पिवळसर सॉस. कोंबडीवर ओता आणि दहा मिनिटांत जेवा. ज्या पदार्थाचे नावच आटवण्यातून आले आहे, तो पातळ करून विकायचा! आपल्या जखमेवरचे हे जुनेच मीठ आहे. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले, तेव्हा आपण खूश झालो. पण त्या कौतुकाच्या आड आमटी, कालवण, सांबारे, रस्सा, हुमण ही सगळी नावे 'करी' या एका शब्दाच्या पोत्यात गेली, याचे दुःख आपण फारसे केले नाही.

आणि खरे सांगायचे तर पोत्याचे तोंड आपणच उघडे धरले. माझ्या मुलांच्या शाळेतल्या मित्रांना मी स्वतः 'कोकोनट करी' म्हणून हुमण वाढले आहे. सोपे पडते म्हणून. आज माझ्या नातवंडांना हुमण हा शब्द ठाऊक नाही. ती म्हणतात, "आजी, तुझी ती कोकोनट करी कर ना." ती मागतात यातच मला आनंद असतो, पण शब्द गेला तो गेला.

कौतुकाचे शब्द

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. प्रत्येक स्वयंपाकघराचा एक लाडका कौतुकाचा शब्द असतो. इंग्रजांचा आहे 'क्रिस्पी'. त्यांच्या बटाट्यापासून बदकापर्यंत सगळ्याला तो चालतो, आणि ज्याने रविवारचा रोस्ट खाल्ला आहे त्याला तो का प्रिय आहे हे कळते. आपला शब्द 'खमंग'. फोडणी खमंग, थालीपीठ खमंग, वास खमंग. मलय लोकांचा शब्द आहे 'लेमाक'. शब्दशः अर्थ स्निग्ध, मेद. पण जेवताना त्याचा अर्थ होतो नारळाच्या दुधाने आलेला तो भरदार, जिभेवर पसरणारा मऊपणा. नासी लेमाक म्हणजे तसा भात. या तिन्ही शब्दांचे एकमेकांत भाषांतर होत नाही. बाईंनी 'लेमाक' वाढले, परीक्षकाने त्यात 'क्रिस्पी' शोधले. सुनेने 'लेमाक' भाताचा सोबती वाढला, मी त्यात झणझणीतपणा शोधला.

परीक्षकाला सगळे पदार्थ माहीत असणे शक्य नाही. पण चव घेण्याआधी एक प्रश्न विचारणे प्रत्येकाला शक्य आहे, 'हे चांगले झाले, असे तुमच्याकडे कधी म्हणतात?' कोणा स्पर्धकाने याचे उत्तर दिले की मगच चमचा उचलावा. तो प्रश्न विचारून नंतर परखड बोलावे, अगदी नापासही करावे. नुसते 'सगळेच आपापल्या जागी छान' म्हणणे हे काही परीक्षण नव्हे, तो आळस झाला. मी आता त्या सुनेच्या सेरुंदेंगला तिच्याच कसोटीवर तपासू शकते. एकदा तिने घाईत केलेले आतून ओलसर राहिले होते आणि दोन दिवसांत आंबूस झाले, ते मी तिला सांगितलेही. तिला राग आला नाही. उलट म्हणाली, "आता तुम्ही माझ्या आईसारखं बोललात."

आपण ही पद्धत मंडळाच्या स्पर्धेत आणावी असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. गुणपत्रिकेवर 'चव, मांडणी, नावीन्य' यांच्या आधी एक ओळ असावी. स्पर्धकाने पदार्थाचे नाव स्वतःच्या भाषेत लिहावे आणि तो कसा व्हायला हवा ते दोन वाक्यांत सांगावे. आपल्या घरांत आता पंजाबी जावई आहेत, पोलिश सुना आहेत, मलेशियन आहेत, आणि इथेच वाढलेली आपली स्वतःची मुलेही आहेत. त्यांनाही ही दोन वाक्ये लिहिताना घरी जाऊन विचारावे लागेल, 'आई, हे चांगलं झालं असं कधी म्हणायचं?' त्या निमित्ताने हुमण, वाटण, तेल सुटणे हे शब्द त्यांच्या कानावर पडतील.

मिनांगकाबाऊ लोकांत तरुणांनी नशीब काढायला घर सोडून दूर जाण्याची जुनी रीत आहे. तिला 'मरांताउ' म्हणतात. अशा प्रवासात बरोबर द्यायला रेंदांग सोयीचे, कारण पाणी पूर्ण आटवलेले असल्याने ते बरेच दिवस टिकते. हे वाचले तेव्हा मला १९८६ मधली माझी बॅग आठवली. आईने मेतकूट, भाजणी आणि सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी तिहेरी पिशवीत बांधून दिली होती. चटणीचे तेल तरीही साड्यांना लागले. रेंदांग हा घर सोडणाऱ्यांचा पदार्थ आहे. त्याला कुरकुरीत नाही म्हणून नापास करताना पाहून आपण नुसते हसायला नको होते. तो आपल्याच पंगतीतला होता.

जाता जाता, कोणाला करून पाहायचे असेल तर सेरुंदेंगपासून सुरुवात करा, रेंदांगला धीर फार लागतो. गोठवलेल्या खवलेल्या नारळाचे ४०० ग्रॅमचे पाकीट पूर्ण वितळू द्या. सहा छोटे कांदे, चार पाकळ्या लसूण, बोटभर आले, चमचाभर धने, अर्धा चमचा जिरे, दोन लाल मिरच्या आणि थोडी हळद बारीक वाटून दोन चमचे तेलावर परता. गवती चहाचा एक दांडा ठेचून, लिंबाची चार पाने, चिंचेचा दोन चमचे कोळ, दोन चमचे किसलेला गूळ आणि मीठ घाला. मग नारळ घालून मंद आचेवर परतत राहा, निदान पाऊण तास. हाताला कोरडे, मोकळे लागले की उतरवा. गार झाल्यावरच बरणीत भरा. रेंदांग करायचे ठरवलेत तर नारळाच्या दुधाच्या डब्यावरची यादी वाचून घ्या. त्यात इमल्सिफायर असेल तर तेल लवकर सुटत नाही, आणि तुम्ही तास न् तास ढवळत बसाल.

खाताना मात्र नुसते खाऊ नका. गरम भातावर घाला. आणि तिखट कमी आहे असे म्हणण्याआधी या काकूंचे ते चार गुण आठवा.